व्हाइटफील्डमधलं आमचं दोनदा बांधलेलं कुंपण

तुम्ही कधी फोनवर ‘घरच्या घरी बांबूचं कुंपण कसं बनवावं’ असं शोधलं असेल, तर माझा एक लेख तुमच्या नजरेखालून गेला असण्याची शक्यता आहे. ‘फक्त 7 सोप्या पायऱ्या’ असं त्याचं शीर्षक होतं आणि वर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता. तो लेख मी लिहिला होता. आणि तो लिहिला तेव्हा मी आयुष्यात एकदाही बांबू कापला नव्हता, रोवला नव्हता, बांधला नव्हता.

मी कंटेंट रायटर आहे. पुण्यात इंग्रजी घेऊन बीए केलं आणि नोकरीसाठी बंगळुरूला आले. दिवसाला दोन लेख लिहायचे, विषय वरून येणार. सोमवारी केसगळती, मंगळवारी गृहकर्ज, बुधवारी बांबूचं कुंपण. चार ठिकाणी वाचायचं, त्यातलं सोपं तेवढं उचलायचं आणि आपल्या शब्दांत लिहून मोकळं व्हायचं. हजारो लोक वाचतात, पुढे सरकतात. त्यातल्या कुणी खरंच खड्डा खणला का, हे आपल्याला कधीच कळत नाही.

मला कळलं, कारण खड्डा खणणारी मीच होते. आज त्या कुंपणाची गोष्ट सांगते. सोबत व्हाइटफील्डही थोडं फिरवून आणते, कारण या गोष्टीत त्या जागेचाही वाटा आहे.

व्हाइटफील्ड म्हणजे पांढरं शेत नव्हे

बंगळुरूच्या पूर्व टोकाला असलेल्या व्हाइटफील्डचं नाव ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या इमारती, आयटी कंपन्या आणि न संपणारा ट्रॅफिक येतो. मीही आधी नावाचा अर्थ ‘पांढरं शेत’ असाच लावला होता. प्रत्यक्षात हे नाव डी. एस. व्हाइट या गृहस्थांवरून पडलं. म्हैसूर आणि कूर्ग भागातल्या युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेचे ते संस्थापक. या लोकांना स्वतःची जमीन कसून स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी 1882 साली 3,900 एकर जमीन दिली. म्हणजे आज जिथे लोक लॅपटॉप घेऊन धावतात, ती वसाहत मुळात शेतीसाठी वसवली गेली होती.

तुम्ही इथे आलात तर मॉल नंतर बघा, आधी इनर सर्कलला एक फेरी मारा. जुनं गाव वर्तुळात आखलेलं होतं. मधोमध मोकळी जागा, तिच्याभोवती गोल रस्ता आणि रस्त्याच्या कडेने बागा असलेली घरं. इनर सर्कल आणि आउटर सर्कल ही नावं अजून तशीच आहेत. उतरत्या कौलांची काही जुनी घरं, मोठी झाडं आणि 1886 सालचं मेमोरियल चर्च आजही दिसतं. सकाळी सातच्या सुमारास गेलात तर मुख्य रस्त्यावरचे हॉर्न दूरून ऐकू येतात आणि इथे पक्षी.

1990च्या दशकात इथे इंटरनॅशनल टेक पार्क आलं आणि गाव बदललं. मार्च 2023 मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शहराच्या मध्यापर्यंत सलग जाता येऊ लागलं. शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, सोसायट्यांभोवती उंच भिंती आल्या आणि भिंतींवर तारा आल्या. तरी दोन भिंतींच्या मध्ये एखादा रिकामा प्लॉट अजून सापडतोच. इथे त्याला ‘साइट’ म्हणतात. तिथे गवत वाढतं, गाई चरतात, कुत्री झोपतात.

अशाच एका साइटला लागून माझ्या मावशीचं घर आहे. होप फार्म चौकापासून पायी पंधरा मिनिटं. मी तिच्याकडेच राहते. आजोबा गेल्यावर मावशीने आजीलाही कुडाळजवळच्या गावाहून इकडे आणलं.

सात सोप्या पायऱ्या

आजीला व्हाइटफील्डमध्ये करमेना. टीव्हीवरची मराठी चॅनेल दोन आठवड्यांत संपली. मग तिने घरामागची चार हातांची लाल माती उकरायला घेतली. अळू लावलं, पडवळाचा वेल सोडला, वाल पेरले. रोप वीतभर झालं की साइटवरची गाय येऊन ते खाऊन जायची. आजी काठी घेऊन धावायची.

त्या साइटच्या पलीकडच्या घरात एक अज्जी राहतात. कन्नडमध्ये आजीला अज्जी म्हणतात, त्यामुळे दोघींची नावं जवळजवळ एकच. अज्जींना मराठी येत नाही, आजीला कन्नड येत नाही. पण एका सकाळी अज्जींनी वालाच्या वेलाकडे बोट दाखवून ‘अवरे’ म्हटलं, आजीने ‘वाल’ म्हटलं आणि दोघींची शाळा सुरू झाली. बंगळुरूत थंडीच्या दिवसांत अवरेकाळूचं केवढं कौतुक असतं, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. भिजवून, दाबून, सालं काढलेल्या त्या दाण्यांचं सारू करतात. आपण डाळिंब्या सोलतो ना, अगदी तस्सं.

गाईसाठी काहीतरी करायला हवं होतं. काकांचं म्हणणं, सिमेंटच्या ब्लॉकची भिंत घालू. मावशीला बांबूचं कुंपण हवं होतं, पण दाट, पलीकडचं काही दिसणार नाही असं. तिने फोनवर जपानी कुंपणांचे फोटो जमवले होते. मी लगेच माहिती पुरवली, कारण लेखासाठी वाचलेलं ताजं होतं. जपानमध्ये दोन प्रसिद्ध प्रकार आहेत. क्योतोच्या केन्निनजी मंदिराच्या नावाने ओळखलं जाणारं ‘केन्निनजी-गाकी’ म्हणजे उभ्या कामट्या एकमेकींना चिकटवून केलेला बंद पडदा. आणि ‘योत्सुमे-गाकी’, म्हणजे शब्दशः चार डोळ्यांचं कुंपण. त्यात आडव्या-उभ्या बांबूंमध्ये मोकळे चौकोन ठेवतात, सीमा कळते पण नजर अडत नाही.

मावशीला पहिलं हवं होतं. दुसऱ्याला बांबू निम्मे लागतात, म्हणून शेवटी दुसरं ठरलं. तेव्हा आम्ही फक्त पैशांचा विचार केला होता, हे लक्षात ठेवा.

जुलै 2023. भर पावसाळा. बांधकामाच्या परातीसाठी बांबू विकणारा एक जण रस्त्याकडेला होता, त्याच्याकडून हिरवेगार बांबू आणले. काका आणि मी रविवारी कामाला लागलो. माझा लेख फोनवर उघडून समोर ठेवला होता. पायरी तिसरी: दीड फूट खोल खड्डा खणा, बांबू उभा करा, माती दाबून भरा.

आजी मागच्या पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, “अगो, बांबू असे मातयेत पुरतत काय? कुजतले मां!”

मी फोन तिच्यासमोर धरला. “आजी, हे बघ, इथे लिहिलंय.”

“कोणी लिवल्यान?”

“मी.”

ती काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून आत गेली. संध्याकाळपर्यंत अठरा फुटांचं कुंपण उभं राहिलं. मी फोटो काढला, सगळ्यांना पाठवला, भरपूर हार्ट आले.

सप्टेंबरमधली ती दुपार

पहिला पावसाळा आणि पहिला हिवाळा कुंपण छान दिसलं. हिरवा रंग जाऊन पिवळा आला. उन्हाळ्यात बांबूंच्या बुडाशी मैद्यासारखी बारीक पूड पडलेली दिसायची. मी झाडून टाकायची. ती पूड म्हणजे आत भुंगे बांबू खात असल्याची खूण असते, हे मला माहीत नव्हतं. माझ्या सात पायऱ्यांत ते नव्हतं.

सप्टेंबर 2024 मध्ये एका दुपारी आजी पडवळ काढायला मागे गेली. बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जोरदार असतो, माती भिजलेली होती. तिचा पाय सरकला. तिने कुंपणाचा खांब धरला. खांब जमिनीलगत कट्ट मोडला आणि खांबासकट ती खाली गेली.

मी आतल्या खोलीत होते. कानांना हेडफोन, समोर मीटिंग. मावशी-काका ऑफिसला. आजीने दोन-तीनदा हाक मारली असणार. मला काहीच ऐकू आलं नाही.

अज्जींनी बघितलं. त्या त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या आणि कुंपणाच्या उभ्या-आडव्या फटींतून त्यांना आजीची हिरवी साडी जमिनीवर दिसली. त्या साइट ओलांडून आल्या, मागचं दार वाजवलं, मला ऐकू गेलं नाही, मग घराला वळसा घालून माझ्या खिडकीच्या काचेवर त्यांनी चापटी मारली. मी दचकून हेडफोन काढले तेव्हा त्या ‘अज्जी, अज्जी’ एवढंच म्हणत होत्या.

उजव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. आजीची वेणी मी घालायची, भात मावशी कालवून द्यायची. अज्जी रोज काहीतरी घेऊन यायच्या, एक दिवस सारू, एक दिवस गरमागरम नाचणीचं मुद्दे. डाव्या हाताने मुद्दे कसं मोडायचं, हेही त्यांनीच दाखवलं.

आजी मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एका रात्री मीच तो मोडलेला खांब आत आणून टेबलावर ठेवला आणि नीट बघितला. वरचा भाग अजून ठणठणीत होता. मातीत गाडलेलं टोकही बऱ्यापैकी शाबूत होतं. कुजला होता तो मधला वीतभर तुकडा, जिथे माती संपते आणि हवा सुरू होते. तिथे बोटाने दाबलं तर बांबू ओल्या पुठ्ठ्यासारखा दबत होता.

कारण नंतर समजलं. बांबू कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत ओल असते पण हवा कमी. वर हवा असते पण बांबू लवकर वाळतो. जमिनीलगत मात्र दोन्ही भरपूर. म्हणून प्रक्रिया न केलेला बांबू सरळ मातीत रोवला तर एक ते तीन वर्षांत तिथेच मोडतो. लोक आणि मी कुंपणाचा फोटो काढतो तो वरच्या भागाचा. त्याचं आयुष्य ठरतं त्या खालच्या वीतभर जागेत.

बांबू बझार

जानेवारी 2025 मध्ये काका म्हणाले, आता भिंतच घालू. मी म्हटलं, मला अजून एक संधी द्या, पण या वेळी आधी विचारून. या वेळी कुंपणाला फटी राहू देत, असं सगळ्यात आधी मावशीच म्हणाली.

एका शनिवारी मी पर्पल लाइन पकडली. व्हाइटफील्ड स्टेशनवरून निघालं की दुसरं स्टेशन येतं, कडुगोडी ट्री पार्क. नावात झाडं आहेत म्हणून मला ते आवडतं. कब्बन पार्कला उतरून रिक्षाने शिवाजीनगरच्या बाजूला गेले. तिथे बांबू बझार नावाचाच भाग आहे. भिंतीला टेकवून उभे केलेले उंच बांबू, शिड्या, टोपल्या, पडदे. पुण्याची बुरूड आळी बघितली असेल तर तुम्हाला लगेच घरच्यासारखं वाटेल.

आपल्याकडे बांबूकाम करणारे ते बुरूड, कर्नाटकात ते मेदार. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळात मेदार केतय्या नावाचे शरण होऊन गेले. बांबूच्या टोपल्या विणून पोट भरायचे आणि वचनं रचायचे. कन्नड साहित्यात त्यांची वचनं आहेत आणि आपल्याकडच्या बुरूड समाजातही केतय्यास्वामींना मानतात.

मी ज्यांच्या दुकानात थांबले ते सत्तरीचे असतील. सगळे त्यांना ताता म्हणत होते, मीही म्हणू लागले. हिंदी, कन्नड आणि हातवारे अशी आमची भाषा. मी फोनवर मोडलेल्या खांबाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, “कधी तोडलेला बांबू? किती वर्षांचा?”

मला दोन्ही माहीत नव्हतं.

मग त्यांनी दोन बांबू माझ्या पुढ्यात आपटले. एकाचा आवाज खणखणीत, दुसऱ्याचा बसका. खणखणीत तो पिकलेला, तीन-चार वर्षांचा. बांबू हे खरं तर गवत. कोंब वर आला की एका पावसाळ्यातच तो पूर्ण उंच होतो, त्यानंतर जाड होत नाही. पुढची तीन-चार वर्षं तो फक्त आतून टणक होत जातो. कोवळा बांबू तोडला तर त्यात पाणी आणि पिठूळ अंश जास्त, आणि भुंग्याला तेच हवं असतं. म्हणून तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करायची. मी जुलैत आणलेला हिरवागार बांबू म्हणजे भुंग्यांना जेवणाचं आमंत्रणच होतं.

ताता म्हणाले, पूर्वी माल आणताना कागदपत्रांची फार कटकट असायची. त्यामागे एक गमतीशीर कायदा होता. 1927च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत केली होती. गवताला झाड म्हटल्यामुळे त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर झाडांचे नियम लागत. 2017 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून सुटला. जंगलातल्या बांबूसाठी आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने मोठी लढाई दिली. वनहक्क कायद्याच्या आधारे 2011 साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क त्या गावाने प्रत्यक्षात मिळवला. आपण दुकानात एक बांबू उचलतो, त्यामागे एवढं सगळं असतं.

मग तातांनी कोपऱ्यातून एक सडपातळ, बिनकाट्यांचा बांबू काढला. कापलेलं टोक दाखवलं. आत पोकळी जवळजवळ नव्हतीच. “मरिहाल बिदिरु,” ते म्हणाले. बिदिरु म्हणजे बांबू. मी व्हिडिओ कॉल लावून आजीला दाखवला. प्लास्टर निघालेला हात कपाळाशी नेऊन तिने डोळे बारीक केले आणि एकदम ओरडली, “ह्यो तर आमचो माणगो!”

खरंच तोच होता. सिंधुदुर्गात ज्याला माणगा म्हणतात, तोच बांबू कर्नाटकात मरिहाल नावाने ओळखला जातो. कोकण, गोवा आणि कर्नाटक असा पश्चिम घाटाच्या कडेने तो पसरलेला आहे. आजीच्या परड्यात त्याचं बेट होतं. आजी आणि ताता मग फोनवर बराच वेळ बोलले. तिने मालवणीत विचारायचं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तर द्यायचं. मधे मी नुसता फोन धरून उभी.

निघताना मी विचारलं, खांबाचं काय करू? ताता हसले. “खांब बांबूचा कशाला अम्मा? कल्लु कंब लाव.”

कल्लु कंब म्हणजे दगडी खांब. बंगळुरूच्या आसपास ग्रॅनाइटला तोटा नाही. शहराबाहेर शेतांच्या कडेला उभ्या चिरलेल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्या तुम्ही रेल्वेतून किंवा बसमधून नक्की बघितल्या असतील. मी रोज बघत होते, पण त्यांचा आपल्या कुंपणाशी काही संबंध असेल, हे सुचलं नव्हतं.

घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, गावात तेच करतात, खाली जांभ्याचा गडगा आणि वर वई. वई म्हणजे कुंपण. ती दरवर्षी पुन्हा बांधायची असते, पावसाने कुजलेली कामटी काढायची, नवी घालायची. दोन राज्यांतली दोन म्हातारी माणसं एकच गोष्ट सांगत होती: बांबूचे पाय ओल्या मातीत ठेवू नका.

पुन्हा बांधताना आम्ही काय केलं

तुम्हाला घरी करायचं असेल तर हे नीट वाचा. या वेळी हे लिहिणारीने ते स्वतः केलंय.

अठरा फुटांसाठी सहा फुटी चार ग्रॅनाइट खांब घेतले. दोन-दोन फूट खाली पुरले, चार-चार फूट वर ठेवले. दोन खांबांत सहा फुटांचं अंतर. खांब बसवायला मात्र दोन कामगारांची मदत घेतली, ते वजन एकट्यादुकट्याचं काम नाही. खांबांच्या मध्ये विटांच्या दोन ओळी रचल्या, म्हणजे मातीचं पाणी उडून बांबूवर येणार नाही. सगळ्यात खालची कामटीही जमिनीपासून वीतभर वर राहील, असं आखलं.

बारा फुटी पंधरा बांबू आणले. आडव्या तीन ओळींसाठी अख्खे ठेवले, उभ्यांसाठी चार-चार फुटांचे तुकडे करून मधोमध चिरले. चिरताना कोयता पेराच्या बरोबर मध्यावर ठेवावा लागतो, नाहीतर चीर एका बाजूला पळते. माझे पहिले तीन तुकडे वाया गेले. तोंडाशी कापताना गाठीच्या लगेच वर कापा. गाठ खाली सोडून कापलं तर वर वाटीसारखी पोकळी राहते, तिच्यात पावसाचं पाणी साचतं, आणि डासांची सोयही होते.

मग भिजवणं. काकांनी गच्चीवर विटांची लांबट हौदी करून तीत ताडपत्री अंथरली. 200 लिटर पाण्यात 6 किलो बोरॅक्स आणि 4 किलो बोरिक ॲसिड विरघळवलं. अख्ख्या बांबूंना प्रत्येक पेरात ड्रिलने बारीक भोक पाडलं, म्हणजे पाणी आत शिरतं. वर दगड ठेवून सगळं बुडवून ठेवलं. चिरलेले तुकडे आठ दिवस, अख्खे दोन आठवडे. काम करताना हातमोजे घाला, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा, आणि उरलेलं पाणी बागेत मुळीच ओतू नका. बोरॉन जास्त झालं तर झाडं जळतात.

भिजवून काढलेले बांबू सावलीत वाळवायचे. कडक उन्हात ते तडकतात. आम्ही तीन आठवडे थांबलो. एक गोष्ट कुणी सांगत नाही ती अशी, की हे औषध पावसाने हळूहळू धुऊन जातं. म्हणून वरून अळशीच्या तेलाचे दोन हात दिले, आणि ते दरवर्षी पावसाळ्याआधी द्यायचे.

आडवे बांबू जीआय तारेने दगडी खांबांना आवळले. उभ्या कामट्या काथ्याच्या दोरीने बांधल्या. खिळे मारू नका, बांबू उभा चिरतो. मारायचेच असतील तर आधी ड्रिलने भोक पाडा. दोन कामट्यांत चार बोटांची जागा ठेवली.

गाठ कशी मारायची, हे आजीने शिकवलं. तिच्या उजव्या मनगटात अजून पूर्ण जोर आला नव्हता. ती डाव्या हाताने दोरी धरायची, उजव्याने फक्त वळण दाखवायची आणि ओढायचं काम मी करायचं. तिरकी एक फेरी, उलटी दुसरी, मग मधून आवळा. चाळिसाव्या गाठीला मला जमलं. पलीकडून अज्जी बघत होत्या. त्यांनी एक गाठ बोटाने हलवून बघितली, ‘बेली’ म्हणाल्या आणि मान डोलावली. बेली म्हणजे कुंपण. आजी म्हणाली, “वई.” शाळा पुन्हा सुरू.

आता

कुंपणावरून आणखी एक पावसाळा गेला. ऑक्टोबरमध्ये मी बॅटरी घेऊन प्रत्येक कामटीचं खालचं टोक बघितलं, अंगठ्याने दाबून. दोन कामट्या मऊ लागल्या, त्या काढून नव्या बांधल्या. काथ्याच्या सहा-सात गाठी सैल झाल्या होत्या, त्या आवळल्या. सगळं मिळून एक रविवार सकाळ गेली. पिठासारखी पूड कुठे दिसली नाही. गाय अजून येते, नाक फटीत घालून बघते आणि निघून जाते.

आजीचं मनगट थंडीत दुखतं. ती ते मला सांगत नाही. पाणी भरलेली कळशी ती आता डाव्या हाताने उचलते, त्यावरून मला कळतं.

तो जुना लेख मी मागे लागून दुरुस्त करून घेतला. त्यात आता सातऐवजी अकरा पायऱ्या आहेत आणि शीर्षकातला ‘सोप्या’ हा शब्द काढलाय. पहिल्यापेक्षा कमी लोक वाचतात म्हणे. वाचोत. ज्यांनी आधीचा वाचून खड्डा खणला असेल, त्यांच्यापर्यंत हा पोहोचावा एवढीच इच्छा आहे. तुम्ही त्यांपैकी असाल, तर कृपया आज संध्याकाळी मागच्या दारी जा आणि प्रत्येक खांब जमिनीलगत दाबून बघा. मऊ लागला तर घरातल्या मोठ्यांना आणि लहानांना त्याला टेकू देऊ नका, आणि तो लगेच बदला.

आणि व्हाइटफील्डला आलात तर थंडीत या. इनर सर्कलला चक्कर मारा, मेट्रोने बांबू बझारला जा, एखाद्या तातांशी दोन शब्द बोला. आमच्या गल्लीत आलात तर सकाळी नऊच्या सुमारास या. तेव्हा कुंपणाच्या अलीकडे आजी आणि पलीकडे अज्जी वाल सोलत बसलेल्या असतात. चार बोटांच्या फटीतून सोललेल्या दाण्यांची वाटी जात नाही, म्हणून आजी ओंजळीतून थोडे थोडे दाणे पलीकडे देते. पुढच्या वर्षी वई बांधताना तिथे वाटी जाईल एवढी जागा सोड, असं तिने मला बजावून ठेवलंय.